युनियनचा करार की ठेकेदाराचे ३२ हजार? इलेक्ट्रिशियनने दोन पगार ताडायची पद्धत

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात जा, इलेक्ट्रिशियन नोकरी बदलताना एकच प्रश्न विचारतो: "हातात किती पडणार?" दोन आकडे शेजारी ठेवतो आणि मोठा आकडा घेतो. इथेच फसगत होते, कारण एक आकडा आठ तासांचा असतो, दुसरा बारा तासांचा. एकात दिवाळीचा बोनस वेगळा मिळणार असतो, दुसऱ्यात तो आधीच वाटून टाकलेला असतो. एकीकडे पीएफ पूर्ण पगारावर भरतात, दुसरीकडे कायद्याच्या किमान हद्दीपुरता.

युनियनचा करार असलेली नोकरी आणि करार नसलेली नोकरी यांची तुलना नीट करायची असेल तर खालच्या क्रमाने जा. क्रम बदलू नका. तिसरा टप्पा होण्याआधी बोनस आणि कॅन्टीनचे हिशेब मांडत बसलात, तर सगळं गणित चुकीच्या पायावर उभं राहील.

## टप्पा १: तुम्ही नक्की कुणाच्या हजेरीपटावर?

"कंपनीत युनियन आहे" या वाक्यावर हुरळून जाऊ नका. युनियनने केलेला वेतनकरार बहुतेक ठिकाणी फक्त कायम कामगारांना लागू असतो. त्याच गेटमधून आत जाणारा, त्याच पॅनेलवर काम करणारा ठेकेदाराचा इलेक्ट्रिशियन त्या करारात नसतो. महावितरण आणि महापारेषणच्या उपकेंद्रांवरही कायम तंत्रज्ञ आणि बाह्यस्रोत कामगार एकाच पाळीत शेजारी शेजारी उभे असतात, पण दोघांच्या पगारपावत्या अगदी वेगळ्या असतात.

म्हणून आधी आपली ऑफर यांपैकी कुठल्या प्रकारची आहे ते ठरवा.

१. कंपनीचा कायम कामगार, युनियनच्या कराराखाली.
२. कंपनीचा कायम कामगार, पण तिथे युनियन नाही. पगारवाढ व्यवस्थापन ठरवतं.
३. थेट कंपनीत, पण ठरावीक मुदतीसाठी.
४. ठेकेदाराच्या पटावर.
५. ट्रेनी किंवा अप्रेंटिस. इथे पगार नसतो, विद्यावेतन असतं. कायम नोकरीच्या पगाराशी त्याची तुलना करू नका.

तपासणी: नेमणूकपत्राच्या वर कुणाचं नाव छापलंय ते बघा. कंपनीचा लोगो गेटपासवर आहे आणि पत्र मात्र भलत्याच 'एंटरप्रायझेस'चं आहे, तर तुम्ही चौथ्या प्रकारात आहात, मुलाखत कुणीही घेतली असली तरी.

## टप्पा २: तोंडी आकडा नको, कागद गोळा करा

फोनवर सांगितलेला आकडा गणितात घेऊ नका. दोन्ही बाजूंचे हे कागद लागतात:

- नेमणूकपत्र किंवा ऑफर लेटर, पगाराच्या फोडीसह. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे. त्यामुळे ते मागताना संकोच करू नका.
- त्याच पदावरच्या, त्याच श्रेणीतल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या अलीकडच्या दोन-तीन पगारपावत्या. त्यातली एक ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचा पगार) नसलेल्या महिन्याची असावी.
- युनियनचा चालू करार. युनियनच्या पदाधिकाऱ्याकडे किंवा कायम कामगाराकडे त्याची प्रत असते.
- पाळ्यांचं वेळापत्रक आणि सुट्ट्यांची यादी.
- तुमचं स्वतःचं पीएफ पासबुक.

एचआरला विचारताना पगार किती एवढंच विचारू नका. असं विचारा: "साहेब, बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून किती, पीएफ कितीवर कापणार, आणि ओटीचा तासाचा दर काय, एवढं लिहून मिळेल का?" हे तीन आकडे मिळाले की बाकीचं बरंचसं तुम्ही स्वतः काढू शकता. ठेकेदाराकडे विचारायचा चौथा प्रश्न: "महिन्याचा आकडा किती तासांच्या ड्युटीचा, आणि किती दिवसांचा?"

सावधान: "सगळं मिळून ३२ पडतील" यातल्या 'सगळं' या शब्दात ओटी, बोनस, रजेचा पगार आणि कधीकधी मालकाचा पीएफ हिस्साही दडलेला असतो. ३२ हजार हा हातात पडणारा आकडा आहे, कपातीआधीचा आहे की सीटीसी (मालकाचा पीएफ वगैरे धरून कंपनीला पडणारा एकूण खर्च) आहे, हे कागदावर उघड व्हायला हवं.

## टप्पा ३: दोन्ही पगार आठ तासांवर आणा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या जागी तुमचे घाला.

नोकरी 'अ': युनियनचा करार असलेला कारखाना. बेसिक १५,०००, महागाई भत्ता ७,०००, घरभाडे ४,५००, इतर भत्ते ३,५००. एकूण ३०,०००. आठ तास, महिन्याला २६ दिवस.

नोकरी 'ब': ठेकेदार. कपातीआधी ३२,०००, त्यात बेसिक-डीए आणि जादा तासांचा पगार, वेगळे भत्ते नाहीत. बारा तास, २६ दिवस.

हातात किती येतं ते आधी बघू, कारण मुलं तेच बघतात. 'अ'मध्ये पीएफ २,६४०, व्यवसायकर २०० आणि युनियनची वर्गणी १५० वजा जाऊन २७,०१० उरतात. 'ब'मध्ये पीएफ १,८००, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, पुढे निघणाऱ्या आठ तासांच्या १६,००० वर) १२० आणि व्यवसायकर २०० जाऊन २९,८८०. म्हणजे 'ब' जवळपास २,९०० रुपयांनी सरस दिसते आणि माणूस त्याच दिवशी बॅग भरतो.

आता तास मोजा. आठ तासांचे २६ दिवस म्हणजे २०८ तास. बारा तासांचे २६ दिवस म्हणजे ३१२ तास, त्यातले १०४ तास आठ तासांच्या वरचे. जादा तासाला कायद्याने दुप्पट दर द्यावा लागतो. म्हणजे ते १०४ तास पैशात २०८ तासांइतके झाले. एकूण ४१६.

३२,००० ला ४१६ ने भागा. तासाला ७६ रुपये ९२ पैसे येतात. त्याला २०८ ने गुणा: १६,०००.

म्हणजे ठेकेदाराचे ३२ हजार खरंतर आठ तासांची १६ हजारांची नोकरी आहे. वरचे १६ हजार तुमच्या जादा तासांचे आहेत. 'अ'मध्ये तेच आठ तास ३० हजारांना जातात. उद्या 'ब'च्या साइटवर काम कमी झालं आणि ड्युटी आठ तासांवर आली, तर पगार किती उरेल, ते याच आकड्यावरून कळतं.

तपासणी: हा आठ तासांचा आकडा किमान वेतनाशी ताडून बघा. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता दर १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, त्यामुळे चालू सहामाहीचाच दर घ्या. उद्योग आणि परिमंडळही (किमान वेतनासाठी पाडलेला भौगोलिक विभाग) आपलंच हवं. आयटीआय इलेक्ट्रिशियन 'कुशल' वर्गात मोडतो. ठेकेदाराच्या मस्टरवर मात्र त्याला 'अर्धकुशल' किंवा चक्क 'अकुशल' लावलेलं सापडतं. पगारपावतीवरचा हुद्दा वाचा. 'हेल्पर' लिहिलं असेल आणि हातात मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) देत असतील, तर तिथे पुढचं गणित करायची गरज नाही.

सावधान: काही ठिकाणी ओटी 'सिंगल' देतात आणि ते इतकं रुळलंय की मुलं त्याला नियमच समजतात. सिंगल ओटी नियमात बसत नाही. तुलना करताना मात्र प्रत्यक्षात मिळणारा दरच धरा, मिळायला हवा तो नव्हे.

## टप्पा ४: पगाराची फोड वाचा

एकूण पगार सारखा असलेल्या दोन नोकऱ्यांत वर्षाअखेर मोठा फरक पडतो, तो बेसिक आणि डीएच्या वाट्यामुळे. पीएफ, ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांवर नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) आणि ओटी यांचा पाया तोच.

करार नसलेल्या बऱ्याच कंपन्यांत बेसिक मुद्दाम कमी ठेवून बाकी पगार 'स्पेशल अलाऊन्स', 'कन्व्हेयन्स', 'वॉशिंग' अशा नावांखाली दाखवायची पद्धत होती. नव्या संहितांनी तिला लगाम घातला आहे. वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. सोप्या हिशेबात, ३०,००० च्या पगारात पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठीचं वेतन १५,००० च्या खाली दाखवता येत नाही. ऑफर लेटरवर बेसिक १०,००० आणि भत्ते २०,००० दिसले, तर ती फोड जुन्या साच्यातली आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी कितीवर धरणार, हे विचाराच.

महागाई भत्त्याकडे वेगळं लक्ष द्या. काही करारांत डीए ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला असतो आणि निर्देशांक चढला की आपोआप वाढतो. काही करारांत तो 'फिक्स डीए' असतो, म्हणजे करार संपेपर्यंत आहे तेवढाच. तीन वर्षांच्या मुदतीत या दोन शब्दांमुळे हजारोंचा फरक पडतो. नावात डीए आहे एवढ्यावर विसंबू नका.

व्यवसायकर आणि कामगार कल्याण निधी दोन्हीकडे जवळपास सारखेच कापले जातात. त्यांच्यात वेळ घालवू नका.

## टप्पा ५: पावतीवर न दिसणारे पैसे मोजा

पीएफ. मालकाचा हिस्सा १२ टक्के असतो. पण वेतन १५,००० च्या वर असेल तर मालक १५,००० वरच, म्हणजे महिन्याला १,८०० भरू शकतो. 'अ'मधली कंपनी पूर्ण २२,००० वर भरते: २,६४०. फरक महिन्याला ८४० रुपयांचा, आणि त्यावर निवृत्तीपर्यंत व्याज.

पासबुकात मालकाच्या रकान्यात यापेक्षा कमी आकडा दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. मालकाच्या हिश्श्यातून ८.३३ टक्के, जास्तीत जास्त १,२५०, पेन्शनच्या खात्यात जातात. म्हणजे १,८०० भरले असतील तर मालकाच्या पीएफच्या रकान्यात ५५० च्या आसपास आणि पेन्शनच्या रकान्यात १,२५० दिसले पाहिजेत. हे दोन आकडे जुळत असतील तर हिशेब बरोबर आहे. पेन्शनच्या हक्कासाठी १० वर्षांची सेवा लागते, म्हणून ठेकेदार बदलला तरी यूएएन (नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफ क्रमांक) एकच ठेवा.

सावधान: मालकाचा पीएफ हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. पावतीवर 'पीएफ' दोनदा कापलेला दिसला, किंवा वेतन १५,००० असताना ३,६०० कापले गेले, तर दोन्ही हिस्से तुमच्याच खिशातून जात आहेत.

ग्रॅच्युइटी. शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. 'अ'मध्ये २२,००० वर दरवर्षी १२,६९२ रुपये जमा होतात असं समजा. त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. मुदतीच्या करारावर थेट कंपनीत घेतलेल्या कामगाराला मात्र नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरच सेवेच्या प्रमाणात ती मिळते. ठेकेदारीत अडचण वेगळीच आहे. जागा तीच, काम तेच, पण दर दोन-तीन वर्षांनी ठेकेदाराचं नाव बदलतं आणि सेवा कागदावर पुन्हा शून्यापासून सुरू होते. अशा ठिकाणी ग्रॅच्युइटी शून्य धरा. मिळाली तर चांगलंच, पण तिच्या भरवशावर नोकरी निवडू नका.

बोनस. कायद्याने किमान ८.३३ टक्के, कमाल २० टक्के. वेतन २१,००० च्या आत असलेल्यांना हा हक्क आहे. मोजणी ७,००० किंवा किमान वेतन यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर होते. कुशल कामगाराचं किमान वेतन ७,००० पेक्षा बरंच वर असल्यामुळे ७,००० वर मोजून ५८३ रुपये महिना दाखवणारा ठेकेदार तुम्हाला कमी देतो आहे. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाला साधारण एक महिन्याचं वेतन. बरेच ठेकेदार ते दरमहा पगारातच वाटून टाकतात. मग दिवाळीत काही मिळत नाही आणि महिन्याचा आकडा मात्र फुगलेला दिसतो.

युनियनच्या करारात वेतन २१,००० च्या वर गेलेल्यांनाही बहुधा सानुग्रह रक्कम ठरलेली असते. ती एकच ठोक रक्कम आहे की हजेरीला जोडलेली, हे करारातच वाचा. हजेरीला जोडलेली असेल तर जेवढ्या बिनपगारी रजा, तेवढी कपात.

कॅन्टीन, बस, गणवेश. अनुदानित कॅन्टीन आणि कंपनीची बस असेल तर दोन्हीची किंमत तुम्ही स्वतः काय खर्च केला असता त्यावरून काढा. दुचाकीने रोज पंचवीस-तीस किलोमीटर जाणाऱ्याला बस म्हणजे पेट्रोल, टायर आणि रात्रपाळीनंतर झोपेत गाडी चालवण्याचा धोका, तिन्ही वाचतात.

## टप्पा ६: वर्षाचा हिशेब एका पानावर

आता सगळं एकत्र आणा. महिन्यावर थांबू नका, वर्ष धरा, कारण बोनस आणि रजा वर्षाच्याच भाषेत कळतात.

'अ', वर्षभरात:
पगार ३,६०,०००
मालकाचा पीएफ ३१,६८०
दिवाळीची सानुग्रह रक्कम (करारात असल्याचं धरून) ३०,०००
ग्रॅच्युइटीचा वाटा १२,६९२
कॅन्टीन आणि बसची बचत २४,०००
कुटुंबाच्या मेडिक्लेमची किंमत १५,०००
वजा युनियन वर्गणी १,८००
एकूण ४,७१,५७२

'अ'मध्ये पगारी रजा आणि सणांच्या सुट्ट्या मिळून वर्षाला ३० दिवस आहेत असं धरू. २,४९६ तासांतून २४० तास गेले, प्रत्यक्ष काम २,२५६ तास. तासाचा खरा भाव २०९ रुपये.

'ब', वर्षभरात:
'ब'मध्ये काम नाही तर पैसे नाहीत. तितकेच ३० दिवस घरी राहिलात तर ३,८४,००० मधून ३६,९२३ जातात.
मिळालेला पगार (कपातीआधी) ३,४७,०७७
मालकाचा पीएफ २१,६००
बोनस (आठ तासांच्या १६,००० वर ८.३३ टक्के) १६,०००
मालकाचा ईएसआय हिस्सा ६,२४०
ग्रॅच्युइटी शून्य धरली
एकूण ३,९०,९१७

(गैरहजेरीच्या दिवसांमुळे पीएफ आणि बोनस थोडे घटतील. मोजणी सोपी राहावी म्हणून ते पूर्ण धरले आहेत, म्हणजे 'ब'ला झुकतं मापच दिलं आहे.)

काम ३,३८४ तास. तासाचा खरा भाव ११६ रुपयांच्या आसपास.

हातात पडणाऱ्या आकड्यात पुढे असलेली नोकरी तासाच्या भावात जवळपास निम्म्यावर आली. आणि या पैशांसाठी वर्षाला अकराशेहून जास्त तास अधिक द्यावे लागले.

तपासणी: एखादी सोय तुम्ही वापरणारच नसाल तर तिची किंमत शून्य धरा. घर गेटसमोर असेल तर बसची बचत नाही. उलट ईएसआयचा दवाखाना जवळ असेल आणि घरात म्हातारे आईवडील असतील, तर ईएसआयची किंमत मालकाच्या हिश्श्यापेक्षा कितीतरी जास्त होऊ शकते.

## टप्पा ७: कराराची वाढ नीट वाचा

कामगारवर्गात बातमी पसरते: "अमुक कंपनीत १५ हजारांची पगारवाढ!" ऐकणाऱ्याला वाटतं, पुढच्या महिन्यापासून १५ हजार जास्त. करार बहुधा तीन वर्षांचा असतो आणि वाढ टप्प्याटप्प्याने मिळते.

समजा पहिल्या वर्षी ८,०००, दुसऱ्या वर्षी आणखी ४,००० आणि तिसऱ्या वर्षी आणखी ३,०००. ३६ महिन्यांत हातात किती आलं? ८,००० गुणिले ३६, अधिक ४,००० गुणिले २४, अधिक ३,००० गुणिले १२. एकूण ४,२०,०००. महिन्याला सरासरी ११,६६७. ही वाढही कमी नाही, पण ती १५ हजार नाही. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता असा सीटीसीचा भाग धरलेला असेल तर हातात आणखी कमी येतं.

करार वाचताना पाच गोष्टींवर पेन्सिलने खूण करा:

१. करार कुणाला लागू. अमुक तारखेआधी कायम झालेल्यांनाच असेल तर तुम्ही बाहेर.
२. नव्या भरतीची श्रेणी. अलीकडच्या अनेक करारांत जुन्यांसाठी एक आणि नव्यांसाठी दुसरी, खालची श्रेणी असते. गेटवर भेटलेल्या पंधरा वर्षांच्या जुन्या इलेक्ट्रिशियनचा पगार हा तुमचा पगार नाही.
३. मुदत कधी संपते. मुदत संपलेली असेल आणि वाटाघाटी लांबल्या असतील तर पुढचा करार मागच्या तारखेपासून लागू होऊन फरक मिळू शकतो. मधल्या काळात रुजू झालेल्यांना तो मिळणार का, हे विचारा.
४. उत्पादनाची अट. वाढ उत्पादनाशी जोडली असेल तर मेन्टेनन्सच्या माणसाचं उत्पादन कसं मोजणार? ब्रेकडाऊनच्या वेळेवर मोजत असतील तर जुन्या मशिनरीच्या विभागात पडणाऱ्याचं नुकसान होतं.
५. कायम होईपर्यंतचा काळ. ट्रेनी, मग प्रोबेशन, मग कायम. या काळातला पगार आणि किती जण प्रत्यक्ष कायम होतात हे आतल्या माणसाकडूनच कळतं.

करार नसलेल्या चांगल्या कंपनीवर इथे अन्याय करू नका. करारात श्रेणीप्रमाणे सगळ्यांना सारखी वाढ मिळते. पीएलसी, व्हीएफडी, सर्व्हो ड्राइव्ह (मशीन आणि मोटर आपोआप चालवणारी नियंत्रण यंत्रणा) यांत हात बसलेल्या इलेक्ट्रिशियनला किंवा एचटी यार्ड (उच्च दाबाच्या विजेचा विभाग) सांभाळणाऱ्याला करार नसलेल्या कंपनीत वैयक्तिक वाढ जास्त मिळालेली मी पाहिली आहे. माझं मत विचाराल तर कौशल्य दुर्मीळ असेल आणि नेमणूक थेट कंपनीची असेल, तर टप्पा १ मधल्या दुसऱ्या प्रकारची नोकरी कराराच्या नोकरीला टक्कर देऊ शकते. ठेकेदाराची बारा तासांची नोकरी ती टक्कर फार क्वचित देते. अशा कंपनीत मागच्या तीन वर्षांत प्रत्यक्ष किती वाढ दिली, हे जुन्या पगारपावत्यांवरून काढा. 'दरवर्षी अप्रायझल असतं' हे वाक्य हिशेबात घेता येत नाही.

## टप्पा ८: जिवाचा हिशेब

आपलं काम विजेचं आहे, म्हणून हा टप्पा मागे पडता कामा नये.

ईएसआय वेतनाच्या २१,००० च्या मर्यादेपर्यंत लागू असतं. कामावर अपघात होऊन काही काळ काम करता आलं नाही तर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो, आजारपणात ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पीएफ भरला जात असेल तर त्यासोबत ठेव संलग्न विमाही असतो. सेवेत असताना मृत्यू झाला तर वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते, आणि त्यासाठी कामगाराकडून वेगळा हप्ता घेतला जात नाही. पीएफच नसलेल्या रोखीच्या नोकरीत हे काहीच नसतं. म्हणूनच 'पीएफ नको, सगळे पैसे हातात द्या' म्हणणाऱ्या मुलांना मी कळकळीने थांबवतो.

'अ'सारख्या नोकरीत ईएसआय नसेल तर अपघात विमा आणि मेडिक्लेम किती रकमेचा, आईवडील त्यात आहेत का, हे करारात बघा.

तपासणी: ईएसआयचा विमा क्रमांक नावावर निघालाय का? पीएफ आणि ईएसआय दोन्हीकडे वारसनोंद केली आहे का? लग्नाआधी केलेली नोंद लग्नानंतर बदलावी लागते.

याच टप्प्यात हत्यारं आणि सुरक्षासाधनं विचारा. इन्सुलेटेड हातमोजे, सेफ्टी शूज, क्लॅम्प मीटर, क्रिंपिंग टूल कंपनी देते की स्वतः आणायचं? साइटवरच्या ठेकेदारीत पक्कड-टेस्टरपासून क्लॅम्प मीटरपर्यंत सगळं स्वतःचं लागत असेल, तर तो खर्च वर्षाच्या हिशेबातून वजा करा.

सावधान: तुमच्याकडे वायरमन किंवा सुपरवायझरचा परवाना असेल आणि ठेकेदार 'फक्त परवाना लावू द्या, महिन्याला थोडे पैसे देतो' म्हणत असेल, तर नकार द्या. तिथे काही जळालं किंवा कुणाला शॉक लागला तर कागदावर जबाबदार तुम्ही असाल, तुम्ही त्या जागेवर कधी पाऊल ठेवलेलं नसलं तरी.

## टप्पा ९: निर्णय झाल्यावरचा क्रम

१. नवं नेमणूकपत्र पगाराच्या फोडीसह, सहीशिक्क्यासह हातात घ्या. फोनवरचा होकार किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो पुरेसा नाही.

२. पत्रातली फोड टप्पा ३ आणि ४ मध्ये केलेल्या हिशेबाशी पुन्हा जुळवा. मुलाखतीत सांगितलेला आणि पत्रातला आकडा वेगळा असेल तर रुजू होण्याआधी बोला. एकदा रुजू झालात की ती फोड मान्य केल्यासारखीच होते.

३. मगच जुन्या ठिकाणी लेखी राजीनामा द्या आणि पोच घ्या. नोटिशीचा काळ नेमणूकपत्रात लिहिलेला असतो. ठेकेदारीतही तो असू शकतो. न सांगता निघून गेलात तर अडकवून ठेवलेला शेवटचा पगार सोडवणं अवघड जातं. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी सोडल्यावर देणं असलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे.

४. शेवटच्या पगारात शिल्लक रजेचे पैसे, राहिलेल्या ओटीचे तास आणि त्या वर्षाचा बोनस यांची लेखी विचारणा करा. बोनस वर्षाच्या हिशेबानंतर निघतो, म्हणून सोडून गेलेल्या माणसाचा बोनस हमखास विसरला जातो. वर्षात ३० दिवस काम केलं असेल तर प्रमाणात तो तुमचा हक्क आहे. बँक खातं बदलणार असाल तर जुन्या कार्यालयात नवा खाते क्रमांक लेखी देऊन ठेवा.

५. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन द्या आणि जुन्या खात्याचा पीएफ ऑनलाइन वर्ग करून घ्या. तो काढून घेऊ नका. त्यासोबत पेन्शनची रक्कमही काढली की सेवेची मोजणी तुटते आणि पेन्शनची १० वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

६. पहिली पगारपावती आली की बेसिक, डीए, पीएफ आणि हुद्दा हे चार रकाने नेमणूकपत्राशी ताडून बघा. पुढच्या महिन्यात पीएफ पासबुकात नव्या मालकाच्या नावाने नोंद आली का, हेही बघा. पगारातून कापलं गेलं आणि पासबुकात नोंद नाही, असं दोन महिने झालं तर आधी लेखी विचारणा करा आणि उत्तर आलं नाही तर पीएफ कार्यालयाच्या तक्रार संकेतस्थळावर पगारपावती जोडून तक्रार नोंदवा.